न सुटलेल्या जहाजाचं प्रकरण

१

टाचणी जाऊन सहा महिने झाले होते, आणि मंगळवारी दुपारी तिच्या नावाने नवीन प्रकरण आलं.

शंका त्या वेळी ऑफिसात एका जळालेल्या गोदामाचे फोटो मोठे करून बघत होती. विमा कंपनीत आलेले दावे खरे की बनाव, हे ठरवायचं तिचं काम. शंका हे टोपणनाव तिला साइटवर मिळालं आणि मग ऑफिसातही तेच चिकटलं. तिने फोनवरचं नाव वाचलं आणि गोदाम राहिलं बाजूला.

साइट एका जुन्या मालिकेच्या चाहत्यांची होती. ‘सातवं बंदर’ संपून बरीच वर्षं झाली होती, पण काही लोकांसाठी ती संपलीच नव्हती. ते त्यातल्याच माणसांवर स्वतःच्या गोष्टी लिहीत, एकमेकांच्या वाचत आणि तावातावाने भांडत. मालिकेत जे घडलं ते कॅनन. त्याला धक्का न लावता मधल्या फटी भरायच्या, नाहीतर एखादी गोष्ट बदलून अख्खं दुसरं जग उभं करायचं. त्या दुसऱ्या जगाला सगळे एयू म्हणत.

मालिकेतली कप्तान म्हणजे जहाजाच्या पोटात, दोरखंडांच्या ढिगात सापडलेली पोर. मागेपुढे कुणी नाही. शेवटच्या भागात जहाज बुडायला लागतं तेव्हा सगळे होडीत उतरतात, ती उतरत नाही. “उतरून कुणाकडे जाऊ?” एवढंच विचारते. तो भाग बघून शंका चांगली दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती.

टाचणीने आपल्या एयूमध्ये मूळचा शेवटच बदलला होता. शेवटच्या सफरीच्या सकाळी जहाज सुटलंच नाही. कप्तान जमिनीवर राहिली, घड्याळं दुरुस्त करायला शिकली, शेजाऱ्यांशी भांडली, जगली. साइटवरची सर्वांत लाडकी गोष्ट ती. लिहिता लिहिता टाचणी आजारी पडली, हॉस्पिटलात गेली आणि परत आली नाही. गोष्ट तशीच राहिली.

आणि आता हे. शंकाने प्रकरण उघडलं. साइटच्या नियमाप्रमाणे वर टीप होती, मूळ मालिकेतलं काय बदललं ते सांगणारी.

“मालिकेतली सगळी माणसं आहेत तशीच. नवीन कुणी आणलेलं नाही. बदल एकच, जहाज सुटत नाही.”

खाली कप्तान धक्क्याच्या पायरीवर बसली होती आणि तिची ताई तिच्या वेण्या घालत होती. डावी वेणी ताई सैल घालते, कारण डाव्या कानामागे लहानपणची खोक आहे आणि तिथे ओढ बसली की कप्तान ओरडते. बस, एवढंच प्रकरण. भाषा टाचणीसारखी होती. पण कुणाचा तरी सदरा दुसऱ्याने घातल्यासारखी.

संध्याकाळपर्यंत साइटवर रणकंदन माजलं. कुणी रडत होतं, कुणी शिव्या घालत होतं. मग शंकाबरोबर साइट चालवणारा, ज्याला सगळे काटेकोर म्हणत, त्याने एक ओळ टाकली. “नियम स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या नावाने लिहिलं गेलं तर ते खातं त्यातल्या सगळ्या लिखाणासकट पुसायचं. रविवारी पुसतो.”

सगळं लिखाण. म्हणजे टाचणीची प्रत्येक गोष्ट.

तो नियम शंकानेच केला होता.

२

काटेकोर शाळेत भूगोल शिकवायचा. शंका दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिथे गेली. शिक्षकांच्या खोलीत गुंडाळलेले नकाशे कोपऱ्यात उभे होते. काटेकोर कुणाच्या तरी वहीवर लाल रेघा मारत होता.

“खातं उघडायची किल्ली तुमच्याकडेही आहे, मास्तर,” शंकाने बसता बसताच सांगितलं.

“आणि तुमच्याकडेही,” तो म्हणाला. “विचारा सरळ. मी लिहिलं का? नाही.”

“तुमचं आणि तिचं वाजलं होतं.”

“वाजलं कसलं, मी छळलं तिला.” त्याने पेन ठेवलं. “कॅनन म्हणजे माझ्यासाठी जमीन. डोंगर आहे तर आहे. ही बाई येते आणि नकाशात नसलेलं गाव दाखवते. रोज तिच्या प्रकरणाखाली जाऊन मी वाद घालायचो. मग तुम्ही तो सगळा वाद पुसून टाकलात.”

“साइटवर शांतता हवी होती.”

“हो. आणि त्यानंतर, तिचं लिहिणं थांबल्यावर, टिपेचा नियम आणलात. बरोबरच होतं ते. तिचं शेवटचं उत्तर मला पाठ आहे अजून. ते वाचून मी गप्प झालो, पण माफी नाही मागितली. वाटलं, मागू कधीतरी.”

“मग आता तिचं सगळं पुसायला का निघालात?”

मास्तरचे कान लाल झाले. “मंगळवारी तिचं नाव दिसलं ना, तेव्हा क्षणभर मला वाटलं, आली. आनंद झाला हो मला. मग स्वतःचीच लाज वाटली. ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही.”

“मला रविवारपर्यंत वेळ द्या.”

“दिला. पण एक सांगतो.” घंटा झाली. तो वह्या गोळा करत उठला. “ज्याने लिहिलंय त्याला खूप काही माहीत आहे आणि एक अगदी साधी गोष्ट माहीत नाही. मला ते खटकतंय, पण बोट ठेवता येत नाही. तुम्ही ती टीप पुन्हा वाचा.”

३

टाचणीचं प्रत्येक प्रकरण आधी वाचायची ती मीठ. औषधांच्या दुकानात ती काउंटरवर असे. टाचणीचा पासवर्ड तिला माहीत होता, चुका परस्पर दुरुस्त करता याव्यात म्हणून टाचणीनेच दिलेला.

“मला माहितीये सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार,” मीठ म्हणाली. दोन्ही हातांनी ती गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापत होती. समोर गिऱ्हाइकांची रांग. “अगं, मला लिहिता येत असतं तर मी तिचं कशाला तपासत बसले असते?”

“वाईट वाटून घेऊ नकोस, विचारावं लागतं.”

“वाईट त्याचं नाही वाटत. हॉस्पिटलातून तिने मला एक पान पाठवलं होतं. कसं झालंय सांग, म्हणाली. इथे ही गर्दी. मी ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका कळवल्या आणि खाली लिहिलं, बाकी नंतर बोलू.” कात्री थांबली. “बाकी नंतर बोलू, म्हणे. तिला मी चांगलं म्हणायलासुद्धा... एक मिनिट हं काका, ही जेवणानंतरची.”

काका गेले. शंका काही बोलणार तोच दोघींचे फोन एकदम वाजले. शंकाचा हातात, मीठचा काउंटरवर, तिच्या हातापासून लांब.

टाचणीच्या नावाने दुसरं प्रकरण आलं होतं. आत्ता, या क्षणी.

मीठ पांढरी पडली. “बघितलंस ना? मी तुझ्यासमोर उभी आहे.”

शंका वाचू लागली. या प्रकरणात जहाज सुटलं होतं. कप्तानने ताईला निरोप धाडला होता, ये म्हणून. ताईने रविवारी येते म्हणून कळवलं. जहाज शुक्रवारी सुटलं. ताई रविवारी धक्क्यावर पोचली तेव्हा तिथे फक्त पाणी होतं. शेवटची ओळ होती, “ताईला काहीच महत्त्वाचं काम नव्हतं.”

“हे काय केलं मेल्याने!” मीठ ओरडली. “ज्या जगात जहाज सुटत नाही म्हणून आपण सगळे तिथे जाऊन बसलो होतो, तिथलंही बुडवलं?”

शंकाने फोन पर्समध्ये टाकला. ही गोष्ट पुढे नेण्यासाठी कुणी लिहीत नव्हतं. कुणीतरी स्वतःला शिक्षा करत होतं.

४

टाचणीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगावर कामाचे कपडे होते आणि बोटांना ग्रीस. घरात एकाच माणसाचा वावर कळत होता. ओट्यावर एक कप, दोरीवर एक टॉवेल.

“वाचलंत?” शंकाने विचारलं.

“पहिलं वाचलं. दुसरं उघडलं आणि सोडलं.” तो खुर्चीत बसला. “मीच लिहितोय असं वाटत असेल ना तुम्हाला? त्या कानामागच्या खोकेवरून?”

“तिला होती?”

“होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती. केसांखाली झाकलेली असायची. साइटवर कुणाला ठाऊक असायचं कारण नाही, आणि मालिकेतल्या कप्तानला असलं काही नाही. मी ती मालिका तिच्याबरोबर इतक्या वेळा बघितलीय की झोपेत संवाद म्हणेन.” तो जरा हसला. “कप्तानला कुणी नव्हतं म्हणून ती बुडाली, आणि मला तू आहेस, असं म्हणायची मला. मी म्हणायचो, मग माझ्या लिफ्टवर लिही एखादी गोष्ट.”

“नाही लिहिली?”

“लिहिली की. कप्तान लिफ्टमध्ये अडकते आणि एक मठ्ठ माणूस तिला सोडवतो.” मग आवाज बदलून म्हणाला, “दुसऱ्या प्रकरणात नजर पहिली शुक्रवारवर गेली. ती शुक्रवारी गेली.”

शंकाला ते माहीत नव्हतं. साइटवर बातमी कळली ती दोन आठवड्यांनी.

“तिचा लॅपटॉप?” तिने हळूच विचारलं.

“बंद पडलाय. टॅबलेट होता, तो हॉस्पिटलातही तिच्या हातात असायचा. शाली, पुस्तकं आणि तो, असं सगळं तिच्या ताईंकडे पोचवलं. मला घरात बघवेना.”

“ताईंनी उघडला असेल?”

“त्या?” नवऱ्याचा चेहरा कडू झाला. “त्यांना या गोष्टींचा तिटकारा. मालिका कधी पाहिली नाही, हिची एक ओळ वाचली नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर एकदा म्हणाल्या होत्या, दुसऱ्याच्या बाहुल्यांना कपडे शिवत बसतेस, लाज नाही वाटत? ही हसली होती तेव्हा. घरी येऊन मात्र दार लावून बसली.”

शंका उठली. “ताई करतात काय?”

“चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं. पण तिथे जाऊन काही मिळणार नाही तुम्हाला. त्यांना कप्तान म्हणजे कोण, हेसुद्धा माहीत नसेल.”

“नेमकं तेच बघायचंय,” शंका म्हणाली.

५

दुकान अरुंद आणि झगझगीत होतं. दोन्ही भिंतींना काचेमागे फ्रेमच फ्रेम, मागे अक्षरं लहान लहान होत जाणारा तक्ता. काउंटरमागे पन्नाशीकडे झुकलेल्या बाई, केस घट्ट बांधलेले.

“नाकावरून घसरतो,” शंकाने आपला चष्मा पुढे केला. ते खरंही होतं.

बाईंनी तो प्रकाशात धरला. “एक दांडी फाकलीय. एका हाताने काढता ना? सगळ्यांची तीच खोड.” त्यांनी बारीक पेचकस घेतला. “बसा, दोन मिनिटं.”

“मी तुमच्या धाकट्या बहिणीची मैत्रीण,” शंका म्हणाली. “ती आमच्या साइटवर लिहायची.”

पेचकस थांबला नाही. “मला त्यातलं काही कळत नाही.”

“मला दावे तपासायची सवय आहे, ताई. तुम्हाला कसं शोधलं ते सांगते. चुकलं तर चष्मा घेऊन गुपचूप निघून जाईन.”

बाई दुसऱ्या दांडीचा स्क्रू पिळत राहिल्या.

“पासवर्ड दोघातिघांना माहीत होता, आणि तिच्या टॅबलेटवर खातं उघडंच असणार. पण कानामागची खोक आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हती. ती घरच्यांना माहीत होती. शुक्रवारसुद्धा घरच्यांनाच. तिचे यजमान उरतात, पण त्यांना मालिका तोंडपाठ आहे. आणि ज्याने ती प्रकरणं लिहिली त्याने मालिका बघितलेलीच नाही.”

आता मात्र हात थांबला. “कशावरून?”

“पहिल्या प्रकरणावरच्या टिपेवरून. मालिकेतली सगळी माणसं तशीच, नवीन कुणी आणलेलं नाही. लिहिणाऱ्याने अगदी मनापासून, नियम पाळून ते लिहिलं. आणि खाली ताई कप्तानच्या वेण्या घालतेय.”

“मग? ताई आहेच ना त्यात. पहिल्या प्रकरणापासून आहे. जहाज का सुटत नाही, तर ताई धावत धक्क्यावर येते आणि म्हणते, आज नको जाऊस. मी सगळं वाचलंय,” बाई बोलून गेल्या, आणि मग पेचकस त्यांच्या हातातून काउंटरवर पडला.

शंकाने तो उचलून बाजूला ठेवला. तिला विजय वगैरे काही वाटला नाही. एखाद्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

“मालिकेत कप्तानला बहीण नाही, ताई.”

“काय?”

“कुणीच नाही तिला. ती दोरखंडांच्या ढिगात सापडलेली पोर आहे. उतरून कुणाकडे जाऊ, असं विचारते आणि जहाजाबरोबर बुडते. मूळ गोष्ट ही आहे. ताई तुमच्या बहिणीने आणली. त्यावरूनच साइटवर मोठं भांडण झालं होतं, पण ते मी पुसून टाकलं. तुम्ही नंतर आलात, तुम्हाला कळायला मार्गच नव्हता. तो दोष माझा.”

बाईंनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. “मला वाटलं, ही आधीच असलेली एक बाई आहे. चांगली बाई. वाचताना वाटायचं, बघ, कशी असते मोठी बहीण. अशी असायला हवी होती. म्हणून त्या ताईच्याच नावावर लिहिलं मी, की तीसुद्धा पोचली नाही.” त्यांनी काउंटरवरचा चष्मा बाजूला सरकवला. “हॉस्पिटलातून निरोप आला होता, ताई ये ना. मी म्हटलं रविवारी येते. दुकानात माल यायचा होता, तो काय कुणीही उतरवून घेतला असता. पण मला वाटलं, हिची नाटकं. नेहमीसारखी गोष्ट रचतेय.”

बाहेर कुणीतरी दार ढकललं. बाईंनी मान हलवून त्यांना नाही म्हटलं, दार लोटून घेतलं आणि पाटी उलटी केली.

“कधी आणलं तिने त्या ताईला?” पाठ फिरवूनच त्यांनी विचारलं.

“पहिलं प्रकरण गेल्या वर्षीचं. तुम्ही सगळ्यांसमोर बाहुल्यांचं बोललात, त्यानंतर काही दिवसांनी असावं. तुम्हीच ताडून बघा.”

बाई वळल्या.

“म्हणजे मी तिला तसं बोलले,” बाई म्हणाल्या, “आणि तिने घरी जाऊन मला चांगली करून लिहिलं.”

शंकाला आता राहवेना. “आमच्या एका मास्तरांनी तिला खडसावून विचारलं होतं, कप्तानला बहीण आणलीस कुठून? तिने एकच ओळ लिहिली. मूळ कथेत नाही, म्हणूनच आणावी लागली. मी तीसुद्धा पुसली. पण आमच्यातल्या कुणी विसरलं नाही ती.”

बाई काउंटरमागच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. रडणं आलं ते उशिरा, आणि आलं तेव्हा आवाज न करता.

६

शंकाने तिथूनच मास्तरांना फोन लावला. कोण ते कळलंय, घरचंच माणूस आहे, चोरी नाही, एवढंच सांगितलं. नाव विचारलंत तर सांगणार नाही, असंही सांगितलं.

पलीकडून प्रश्न आला, “नियमाचं काय?”

“नियम मी केला होता, मीच मोडते. ती दोन प्रकरणं टाचणीच्या खात्यातून निघतील. ज्यांची आहेत त्या आपल्या नावाने टाकतील, टाकायची असली तर. बाकी एका अक्षराला हात लावायचा नाही.”

“बरं,” मास्तर म्हणाले. मग चाचरत, “त्यांना सांगा, वेण्यांचं चांगलं जमलंय.”

बाईंनी तोवर डोळे पुसून चष्मा पुरा केला होता. शंकाच्या नाकावर स्वतः बसवून, कानामागे बोट फिरवून बघितला.

“तिच्या नवऱ्याला सांगायला हवं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर उभी राहिलेली नाही. टॅबलेट द्यायला आला तेव्हा आतून दुसऱ्याला पाठवलं.”

“मी सांगू?”

“नाही. पण जिन्यापर्यंत या माझ्याबरोबर. माझा मला भरवसा नाही, अर्ध्यातून फिरेन.”

दोघी निघाल्या. बाईंनी टॅबलेट शालीत गुंडाळून छातीशी धरला होता. जिना चढताना त्या दोनदा थांबल्या. शंका वळणावरच उभी राहिली. वरचं दार उघडल्याचा आवाज आला.

“ती प्रकरणं मी लिहिली,” बाई म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “तिच्या नावाने. चुकलं माझं.”

नवऱ्याने हातातलं ग्रीसचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, “रविवारी येते म्हणून कळवलंत, ते मी तिला वाचून दाखवलं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत ती तेच विचारत होती, आज वार कोणता.” त्याचा आवाज फाटला. “ताई, हे मला विसरता येणार नाही. माफ वगैरे मी करणार नाही.”

“मागायला नाही आले.”

“मग?”

“ती शेवटी कशी होती, मला माहीत नाही. मी आपली मनानेच रचत बसते. रोज वेगळं. खरं काय झालं ते सांगा. जे असेल ते. मधे बोलणार नाही मी.”

शंकाला वाटलं, आता दार लागणार. ती कठड्याला धरून उभी राहिली. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

“गुरुवारी ती बरी होती,” नवरा म्हणाला. “गुरुवारपासून सांगावं लागेल. चपला राहू द्या, आत या. बसा.”